रस्त्याकडेने फायबर न्यायची आहे? परवानगी, खोदाई आणि नंतरची राखण

तालुक्याच्या ठिकाणी ब्रॉडबँडचा धंदा सुरू करणाऱ्यांना स्प्लायसिंग (फायबरचे जोड करणं) जमतं, ग्राहक सांभाळणं जमतं, वसुलीही कशीबशी जमते. घोडं अडतं ते रस्त्यावर. अर्ज कुठल्या कार्यालयात द्यायचा, पैसे कशाचे भरायचे आणि सगळं रीतसर करूनही पावसाळ्यात लाइन तुटली तर परत खोदायचं कोणाला विचारून, हे एका जागी कोणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण आणि निमशहरी भागात हे काम करताना जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांचे दर आणि पोर्टल वेगळे आहेत, पण गाभा तोच.

एक गोष्ट आधी पक्की धरा. लाइन टाकण्याचं काम एका हंगामात उरकतं, पण ती पुढची पंधरा-वीस वर्षं सांभाळायची असते. म्हणून परवानगीसाठी जो कागद कराल, तो उद्या दुरुस्तीच्या वेळी आपल्याला काय उपयोगी पडेल हे डोळ्यांसमोर ठेवून करा.

१. रस्ता कोणाचा, ते आधी शोधा

गावकऱ्यांच्या लेखी सगळा रस्ता सरकारचा. तुमच्या लेखी ते चालणार नाही. राष्ट्रीय महामार्ग असेल तर तो भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतो, नाहीतर राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. काही लांबी रस्ते विकास महामंडळाकडेही आहेत. राज्यमार्ग, प्रमुख राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे. गावठाणातले रस्ते ग्रामपंचायतीचे, शहरातले नगरपरिषदेचे, औद्योगिक वसाहतीतले एमआयडीसीचे. वाटेत कालवा आला की जलसंपदा, झाडी आली की वन विभाग, रूळ आले की रेल्वे.

किलोमीटरच्या दगडाच्या डोक्याचा रंग पाहून प्राथमिक अंदाज येतो: पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्यमार्गाचा, नारिंगी ग्रामीण रस्त्याचा. पण दगडावर सगळी भिस्त ठेवू नका. रस्त्याची दर्जोन्नती होते, क्रमांक बदलतो आणि दगड जुनाच राहतो. बांधकाम उपविभागात जाऊन शाखा अभियंत्याकडून रस्ता क्रमांक आणि कुठून कुठपर्यंत तो त्यांच्या ताब्यात आहे, हे लिहून घ्या.

नवखे हमखास अडकतात ती जागा म्हणजे शहराची हद्द. नगरपरिषदेची कमान ओलांडली म्हणजे रस्ता नगरपरिषदेचा झाला, असं नसतं. शहराच्या मधून जाणारा राज्यमार्ग बऱ्याचदा बांधकाम विभागाकडेच राहतो आणि बाजूचं गटार व फूटपाथ तेवढे पालिकेचे. तिथे दोन्हीकडे अर्ज करावा लागतो. दहा-बारा किलोमीटरच्या मार्गात चार मालक निघाले तर नवल नाही.

२. अर्ज कोणाच्या नावावर?

तुम्ही केबल ऑपरेटर असाल आणि एखाद्या इंटरनेट कंपनीचे फ्रँचायझी म्हणून काम करत असाल, तर दूरसंचार नियमांखालचा मार्गाधिकार, म्हणजे रस्त्याच्या हद्दीतून लाइन नेण्याचा हक्क, तुमच्या स्वतःच्या नावावर मिळत नाही. तो परवानाधारक इंटरनेट कंपनीला मिळतो, किंवा पायाभूत सुविधा पुरवठादार म्हणून दूरसंचार विभागाकडे नोंदणी असलेल्या, म्हणजे या धंद्यात ज्यांना आयपी-वन म्हणतात, त्या कंपनीला. केबल टीव्हीचा कायदा १९९५चा, वेगळा आहे आणि त्यातली मार्गाधिकाराची तरतूदही वेगळी आहे.

अर्ज कंपनीच्या नावाने गेला की लाइनही कागदोपत्री कंपनीची होते. खर्च तुमच्या खिशातून होणार असेल तर डक्ट (फायबर ज्यातून जाते ती नळी) कोणाचा, उद्या करार मोडला तर फायबर कोणाची, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे अर्ज करण्याआधीच लेखी करून घ्या. नंतर हा विषय काढायला गेलात तर समोरचा माणूस फोन उचलत नाही.

३. कायदा, कामापुरता

पूर्वी सगळं १८८५च्या भारतीय तार अधिनियमावर चालायचं. त्याखाली २०१६ साली मार्गाधिकाराचे नियम आले. पुढे २०२३चा दूरसंचार अधिनियम झाला, त्याखाली २०२४चे मार्गाधिकार नियम आले आणि ते १ जानेवारी २०२५पासून लागू आहेत. काही कार्यालयांत अजून २०१६च्या नियमांचे छापील नमुने फिरतात. अर्जात संदर्भ नव्या नियमांचाच लिहा.

कामाचे मुद्दे तीनच. पहिला, अर्ज दिल्यापासून ६७ दिवसांत मंजुरी किंवा नकार कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. दुसरा, नकार द्यायचा तर त्याची कारणं लेखी द्यावी लागतात. तिसरा, पैसे दोन वेगळ्या खात्यांत मोडतात: अर्ज तपासण्याचं प्रशासकीय शुल्क आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च. जमिनीखालच्या लाइनसाठी २०१६च्या नियमांनी प्रशासकीय शुल्काला किलोमीटरमागे १,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती, यावरून ते किती किरकोळ असतं ते कळेल. मोठी रक्कम असते ती दुसरी.

मानीव परवानगीचा आधार घेऊन थेट जेसीबी लावणारे लोक मी पाहिले आहेत. कायदा त्यांच्या बाजूने असतोही, पण साइटवर शाखा अभियंता आणि हवालदार येऊन उभे राहतात तेव्हा नियम वाचून दाखवायला वेळ नसतो; मशीन दिवसभाड्यावर असतं. मुदत संपली की एक पत्र द्या: अमुक तारखेला अर्ज दिला, मुदत संपली, नियमानुसार परवानगी मिळाल्याचं समजून अमुक तारखेपासून काम सुरू करत आहोत. प्रती कार्यकारी अभियंता आणि पोलीस ठाण्याला, दोन्हीवर आवक शिक्का. बहुतेकदा या पत्रानंतर फाइल आपोआप हलते.

४. फाइलमध्ये काय काय लागतं

दूरसंचारच्या अर्जांसाठी केंद्राने २०२२ साली गतिशक्ती संचार पोर्टल सुरू केलं. अर्ज तिथूनच करा, कारण तारखेचा पुरावा तिथे पक्का राहतो. तरीही एक छापील संच उपविभागात नेऊन द्यावाच लागतो, हे गृहीत धरा.

- परवान्याची किंवा नोंदणीची प्रत, कंपनीचं अधिकारपत्र, पॅन आणि जीएसटी
- मार्गाचा नकाशा, साखळी क्रमांकासह, म्हणजे किमी अमुक/अमुक ते अमुक/अमुक, डावी बाजू की उजवी
- रस्त्याचा आडवा छेद: डांबरी भाग, साइडपट्टी, गटार आणि त्यापासून तुमचा चर किती अंतरावर
- कामाची पद्धत, कुठे उघडी खोदाई आणि कुठे बोअरिंग (वरून न खोदता जमिनीखालून आडवं भोक)
- रस्ता पूर्ववत करण्याचं आणि पुढे रस्त्याच्या कामासाठी लाइन हलवण्याचं हमीपत्र, मुद्रांकावर
- बँक गॅरंटी किंवा अनामत, मागणीपत्रात (पैसे भरायला सांगणाऱ्या कार्यालयाच्या पत्रात) सांगतील तशी
- वाहतूक अडणार असेल तर वाहतूक पोलिसांचं नाहरकत
- त्याच पट्ट्यात ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना दिलेल्या पत्रांच्या पोच: महावितरण, पाणीपुरवठा, गॅस कंपनी, इतर दूरसंचार कंपन्या

हमीपत्राचा मजकूर कार्यालय देतं आणि आपण सही ठोकतो. तसं करू नका. 'रस्त्यास होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस अर्जदार कायमस्वरूपी जबाबदार राहील' अशी ओळ त्यात असते. तिथे दोष दायित्वाचा, म्हणजे कामात निघालेले दोष दुरुस्त करून देण्याच्या जबाबदारीचा, ठरावीक कालावधी घालून मागा. मिळतोच असं नाही, पण मागितल्याशिवाय कधीच मिळत नाही.

५. संयुक्त पाहणी: अर्ध काम इथेच

अर्ज गेल्यावर शाखा अभियंत्याबरोबर मार्गावरून फिरायचं असतं. ही पाहणी मोटारीतून उरकू नका. चालत जा, हातात टेप, मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह फोटो. प्रत्येक मोरी, प्रत्येक झाड, प्रत्येक खाजगी फाटा, पाण्याचा व्हॉल्व्ह, महावितरणचा फीडर पिलर टिपून ठेवा.

अभियंत्याला पाहणीत चार प्रश्न विचारा. हा रस्ता दोष दायित्व कालावधीत आहे का? असेल तर रस्त्याच्या ठेकेदाराला विश्वासात घ्यावं लागतं, नाहीतर रस्त्याचा प्रत्येक खड्डा तो तुमच्या चराच्या माथी मारतो. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर ही देखभाल पाच वर्षं ठेकेदाराकडे असते. दुसरा, रुंदीकरण किंवा काँक्रिटीकरण मंजूर आहे का? असेल तर भूसंपादनाची हद्द कुठे? तिसरा, रस्त्याची हद्द प्रत्यक्षात कुठपर्यंत, कारण शेताचा बांध दरवर्षी वीतभर पुढे सरकलेला असतो. चौथा, पाणी कुठे साचतं?

रुंदीकरणाच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आज सोयीची म्हणून साइडपट्टीतून नेलेली लाइन दोन वर्षांनी चौपदरी रस्त्याच्या मधोमध सापडते. राष्ट्रीय महामार्गांसाठी मंत्रालयाची सूचनाच आहे की लाइन हद्दीच्या शक्य तितक्या बाहेरच्या कडेला असावी आणि जमेल तिथे जवळच्या वाहनमार्गाच्या मध्यरेषेपासून किमान १५ मीटर लांब. छोट्या रस्त्यांवर एवढी जागा नसते, पण तत्त्व तेच धरा. बांधालगत नेताना शेतकऱ्याशी आधी बोला. चर खाजगी जमिनीत गेला तर त्याची संमती लेखी हवी, तोंडी 'न्या की' चालणार नाही.

पाहणीचं टिपण तिथेच लिहा, अभियंत्याची सही घ्या आणि त्याची प्रत फाइलला लावा. साहेबांची बदली होते, टिपण राहतं.

६. मागणीपत्र आणि हंगाम

पाहणीनंतर मागणीपत्र येतं. पूर्ववत करण्याचा दर पृष्ठभागाप्रमाणे बदलतो: डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, मुरमाची साइडपट्टी. पाहणीत मुरूम लिहिलेलं असताना मागणीपत्रात पूर्ण लांबी डांबराची धरलेली आढळते, तेव्हा रकमेकडे पाहण्याआधी मोजमाप तपासा. आपणच पूर्ववत करून देणार असू, तर पैसे भरण्याऐवजी बँक गॅरंटी देण्याचा पर्याय असतो. चांगला ठेकेदार हाताशी असेल तरच तो घ्या. काम नापसंत झालं की गॅरंटी अडकते.

पावसाळ्यात खोदाई बंद असते. साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम, काही शहरांत तो एप्रिलअखेर संपतो. म्हणून अर्ज पावसाळ्यातच टाकून ठेवा, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास परवाना हातात येतो. दिवाळीनंतर अर्ज करणाऱ्याचं काम मार्चअखेरच्या गडबडीत सापडतं आणि अभियंते बिलांत बुडालेले असतात.

७. खोदण्याआधी विचारा

२२ मार्च २०२३ रोजी केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप सुरू केलं. खोदणाऱ्याने जागा आणि तारीख त्यात टाकायची, की तिथे ज्यांच्या लाइनी नोंदलेल्या आहेत त्यांना निरोप जातो. खोदण्याआधी अशी सूचना देणं नियमाने बंधनकारक आहे. २०२३च्या दूरसंचार अधिनियमात दुसऱ्याच्या दूरसंचार जाळ्याचं नुकसान केल्यास भरपाई तर आहेच, शिवाय ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

याची दुसरी बाजू बरेच जण विसरतात. तुमचीही लाइन त्यात नोंदवा. नाहीतर उद्या जलजीवनचा ठेकेदार प्रामाणिकपणे विचारणा करेल आणि त्याला उत्तर येईल की इथे कोणाचं काही नाही.

अॅपवर नोंद झाली म्हणजे जमिनीखालचं सगळं कळलं, असंही नाही. ग्रामपंचायतीच्या जुन्या पाइपलाइनचा नकाशा फक्त पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात असतो. त्याला एक दिवस बरोबर घ्या, रोज द्या, चहा पाजा. शंका असेल तिथे मशीन न लावता हाताने चाचणी खड्डा घ्या. वीज आणि गॅसच्या लाइनीजवळ टिकाव-पहारसुद्धा जपून, आणि त्यांचा माणूस हजर असल्याशिवाय नाहीच.

८. चर आणि क्रॉसिंग

दूरसंचार खात्याच्या जुन्या रीतीप्रमाणे फायबरचा चर १.६५ मीटर खोल घेतात. काळ्या जमिनीत हे जमतं. कातळ लागला की ठेकेदार 'साहेब, इथं एवढंच' म्हणतो. कमी खोली घ्यावीच लागली तर डक्टला लोखंडी किंवा काँक्रीटचं कवच द्या, आणि ती लांबी नकाशात वेगळ्या रंगाने दाखवा. पुढच्या दहा वर्षांतले बहुतेक कट तिथेच होणार आहेत.

रस्ता ओलांडताना डांबर फोडू नका, आडवं बोअरिंग मारा, रस्त्याला काटकोनात. महामार्गासाठी मंत्रालयाच्या सूचनेप्रमाणे आवरणनळीचा माथा रस्त्याच्या पृष्ठभागाखाली किमान १.२ मीटर आणि गटाराच्या तळाखाली किमान ०.३ मीटर हवा. मोरीच्या पाइपातून केबल ओढून घ्यायचा मोह होतो. ते चालत नाही, पहिल्याच पुरात काटक्या अडकून मोरी तुंबते आणि रस्ता वाहून जातो. पुलावरून न्यायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी मागा.

डक्टच्या वर हातभर माती टाकली की इशारा देणारी पट्टी अंथरा. किंमत किरकोळ आहे. जेसीबीच्या दातात आधी ती अडकते आणि चालक थांबतो.

९. चर भरणं

लोकांच्या शिव्या इथे बसतात. एकदम सगळी माती लोटून वरून चाक फिरवणं म्हणजे भरणं नव्हे. वीस सेंटिमीटरच्या आसपास थर टाका, पाणी मारा, ठोकणी यंत्राने दाबा, मग पुढचा थर. काळ्या मातीत तीच माती परत भरलीत तर पहिल्या पावसात चर बसणारच; वरचा भाग मुरमाने भरा. रोज जेवढं खोदलं तेवढं त्याच संध्याकाळी बंद करा. रात्री उघडा राहिलेला चर आणि अंधारातली दुचाकी, यापुढे कुठलाही परवाना तुम्हाला वाचवत नाही. बॅरिकेड, चमकणारी पट्टी आणि लाल दिवा यांचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरा.

काम संपल्यावर पूर्णत्वाचं पत्र द्या आणि पुन्हा संयुक्त पाहणी मागा. पहिल्या पावसाळ्यानंतर बसलेल्या जागा स्वतःहून भरा. कोणी तक्रार करायची वाट पाहू नका, कारण पुढच्या अर्जावर सही करणारा तोच अभियंता असतो.

१०. राखण

खरी नोंदवही इथे सुरू होते. प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनचा नकाशा बनवा, अर्जात जोडलेला नव्हे. प्रत्येक चेंबर, जोड, बोअरिंगची सुरुवात आणि शेवट, आणि कुठे किती मीटर केबल वेटोळं करून ठेवली ते. हा शेवटचा आकडा फार मोलाचा. लाइन तुटली की ओटीडीआर (तुटलेल्या जागेपर्यंतचं अंतर मोजणारं यंत्र) अंतर सांगतो ते फायबरचं, रस्त्याचं नाही. वेटोळी वजा केल्याशिवाय खड्डा भलतीकडेच घेतला जातो, आणि एक खड्डा चुकला की एका परवानगीचे वाद दोन होतात.

मार्गदर्शक दगड किंवा खांब वळणावर, क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांना आणि सरळ लांबीत ठरावीक अंतराने बसवा. त्यावर फोन नंबर मोठा लिहा. कंपनीचं बोधचिन्ह लहान चालेल. नंबर बदलला तर सगळे दगड पुन्हा रंगवा.

महिन्यातून एकदा मार्गावरून माणूस फिरवा, आणि पावसाच्या आधी एकदा तुम्ही स्वतः फिरा. काय पाहायचं? मातीचे नवे ढीग, शेतकऱ्याने काढलेला नवा फाटा, रस्त्याच्या ठेकेदाराचा कॅम्प, उघडं पडलेलं डक्ट. चौपदरीकरणाच्या कामावर जेसीबीचालकांना ओळखून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. चालकाकडे तुमचा नंबर असेल तर तो फोन करतो, नसेल तर तुटलेली केबल मातीत पुरून पुढे जातो.

लाइन तुटली की ग्राहकांचे फोन सुरू होतात आणि परवानगीला थांबायला वेळ नसतो. तरीही खोदण्याआधी शाखा अभियंत्याला आणि पोलीस ठाण्याला लेखी निरोप द्या, मोबाइलवरून दिला तरी चालेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं पत्र करून आवक शिक्का घ्या. अर्जाच्या वेळीच 'आपत्कालीन दुरुस्तीसाठी सूचना देऊन खोदाईस मुभा' अशी अट परवान्यात घालून घेता आली तर उत्तम. खोदण्याआधीचा, दुरुस्तीचा आणि भरल्यानंतरचा, असे तीन फोटो एकाच कोनातून काढा. कोणी तोडली हे कळलं तर पंचनाम्याशिवाय त्याच्याकडे भरपाई मागू नका.

खांबावरच्या लाइनींचं वेगळं. महावितरणच्या खांबावर त्यांच्या लेखी परवानगीशिवाय काहीही बांधू नका. वीज बंद असल्याची खात्री त्यांच्याच माणसाकडून झाल्याशिवाय कोणालाही वर चढवू नका. विजेच्या लघुदाब तारांसाठी रस्ता ओलांडताना किमान ५.८ मीटर उंचीचा नियम आहे. फायबर त्या तारांच्या खालून जाते, म्हणून तिचा झोळ सतत तपासावा लागतो. ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू होण्याआधी आणि सगळीकडे गणपतीच्या आधी झोळ वर ओढून घ्या. उसाने लादलेली ट्रॉली आणि मिरवणुकीतला देखावा, दोन्ही तुमच्या केबलला विचारून जात नाहीत.

११. लाइन हलवण्याची नोटीस आली तर

रस्त्याच्या कामासाठी लाइन हलवण्याची नोटीस कधीतरी येणारच, आणि हलवण्याचा खर्च बहुतेक वेळा लाइनवाल्यावरच पडतो. तसं हमीपत्र तुम्ही सुरुवातीला दिलेलं असतं. नोटीस हाती आल्याची तारीख लिहून ठेवा. लगेच उत्तर द्या: लाइन कुठे आहे त्याचा नकाशा, नवीन मार्गाचा प्रस्ताव, किती वेळ लागेल. उत्तर न देणाऱ्याची लाइन ठेकेदार बाजूला काढतो, आणि 'बाजूला काढणे' या शब्दांचा अर्थ जेसीबीचालक ठरवतो.

नव्या रस्त्याच्या आराखड्यात युटिलिटी डक्ट आहे का, ते विचारा. असेल तर त्यात जागा मागणारं पत्र त्याच दिवशी द्या, आणि तुमच्या मार्गावर ज्यांच्या लाइनी आहेत त्या दोन-तीन ऑपरेटरांना बरोबर घ्या. एकत्र चर घेतला तर पूर्ववत करण्याचा खर्च वाटला जातो आणि बांधकाम विभागही एकाच अर्जावर राजी होतो. नवीन लाइन चालू करून सगळे ग्राहक तिच्यावर आणल्याखेरीज जुनीला हात लावू देऊ नका, आणि जुनं डक्ट बंद केल्याचं पत्र देऊन अनामत परत मागायला विसरू नका.